गंधकाशी पंगा घेणारा फ्राश

घरात गॅस लीक झाला की पहिली खबर नाकाला लागते. सडक्या अंड्यासारखा तो वास आला रे आला की खिडक्या उघडतात आणि लाइटच्या बटणाला कुणी हात लावत नाही. गंमत अशी की सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. त्यातली गंधकाची संयुगं आधी काढून टाकलेली असतात. मग गळती कळावी म्हणून इथाइल मरकॅप्टन नावाचं गंधकाचंच एक संयुग अगदी किंचित परत मिसळतात. म्हणजे आधी मेहनतीने काढायचं आणि मग चिमूटभर घालायचं!

यातला पहिला भाग, म्हणजे पेट्रोलियममधून गंधक काढणं, कारखान्याच्या पातळीवर आणि परवडेल अशा खर्चात जमवून दाखवलं ते हर्मन फ्राश नावाच्या माणसाने. सायन्सवाल्यांनी ‘फ्राश प्रोसेस’ हे नाव वाचलं असेल. पण पुस्तकात ते येतं जमिनीखालून गंधक काढण्याच्या पद्धतीसाठी. ती त्याची दुसरी इनिंग. पहिली इनिंग तेलातली होती, आणि तिच्यावाचून रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइल कंपनी एका मोठ्या खड्ड्यात गेली असती. एकच माणूस आयुष्यभर एकाच मूलद्रव्याच्या मागे लागला. आधी ते नको म्हणून काढलं, मग तेच हवं म्हणून काढलं. आणि पुढे जाऊन या दोन कामांची आपसातच टक्कर झाली.

बोटीतून उतरलेला पोरगा

फ्राशचा जन्म २५ डिसेंबर १८५१ चा, ऐन नाताळातला. गाव ओबररोट, दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेंबर्ग राज्यात, गाइलडोर्फच्या जवळ. वडील नगराध्यक्ष, म्हणजे घरचं बरं होतं. शाळा झाल्यावर त्याला जवळच्या श्वेबिश हॉल शहरात पुस्तकविक्रेत्याकडे उमेदवारीला लावलं. चांगलं, सभ्य, स्थिर काम. त्याने ते अर्ध्यावर सोडलं आणि १८६८ साली अमेरिकेची बोट पकडली. वय जेमतेम सोळा-सतरा.

त्या काळात जर्मनीतून अमेरिकेला जाणाऱ्यांची रीघच लागली होती, त्यामुळे यात फार मोठं साहस होतं असं नाही. वेगळं आहे ते त्याने तिथे गेल्यावर काय केलं ते. तो फिलाडेल्फियाला गेला आणि तिथल्या फार्मसी कॉलेजमध्ये प्राध्यापक जॉन माइश यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. माइशही मूळचे जर्मनच. बाटल्या, भट्ट्या, गाळण्या यांच्यात राहून हा पोरगा रसायनशास्त्र शिकला. पण औषधांत त्याचं मन रमलं नाही. अमेरिकेत तेव्हा पैसा आणि गोंधळ दोन्ही एकाच ठिकाणी होते, ते म्हणजे तेलाच्या धंद्यात.

१८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला एडविन ड्रेकने विहीर खणून तेल काढलं आणि सगळा खेळ सुरू झाला. तेव्हा तेल हवं होतं ते गाड्यांसाठी नाही, दिव्यांसाठी. कच्च्या तेलातून रॉकेल काढायचं आणि विकायचं, एवढाच धंदा. आज ज्याच्यासाठी आपण पंपावर रांग लावतो ते पेट्रोल तेव्हा कटकट होतं, कारण ते भडका उडवायचं. रॉकेल काढल्यावर तळाशी जो चिकट गाळ उरायचा त्यातलं पॅराफिन मेण मेणबत्तीसाठी चालायचं, पण ते स्वच्छ करणं अवघड. फ्राशने १८७० च्या दशकात स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली आणि हे मेण शुद्ध करण्याची चांगली पद्धत काढली. १८७६ मध्ये पेटंट घेतलं. ते स्टँडर्ड ऑइलच्या गोटातल्या कंपनीने विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी फ्राश क्लीव्हलँडला राहायला गेला. स्टँडर्डचं मुख्य ठाणंच ते.

इथे एक सांगायला हवं. त्या काळी रिफायनरी चालवणारे बहुतेक लोक अंदाजपंचे काम करायचे. तेल तापवा, वाफ थंड करा, आम्ल टाका, सोडा टाका, रंग आणि वास बघा. भट्टीवरच्या मुकादमाला जे अनुभवाने कळे तेच ज्ञान. अशा ठिकाणी पगारी रसायनतज्ज्ञ ठेवायचा ही कल्पनाच नवी होती.

जे तेल कुणालाच नको

पेनसिल्व्हेनियाचं तेल लाडावलेलं होतं. त्यात गंधक अगदी कमी. धंद्याच्या भाषेत असं तेल ‘गोड’, आणि गंधक जास्त असलेलं ते ‘आंबट’. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात पेट्रोलियाच्या आसपास जे तेल निघायचं ते चांगलंच आंबट होतं. त्याला स्कंक ऑइल म्हणत. स्कंक म्हणजे तो काळा-पांढरा प्राणी, जो घाबरला की भयंकर वासाची पिचकारी मारतो. यावरून कल्पना करा.

आणि प्रश्न नुसत्या वासाचा नव्हता. असं रॉकेल दिव्यात घातलं की जळताना गंधकाचं सल्फर डायऑक्साइड होतं. बंद खोलीत डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. वातीवर खरपुडी धरते, काच खराब होते. एकदा असं रॉकेल घरी आणलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. दुसरीकडे रिफायनरीतल्या लोखंडी भांड्यांना आणि नळांना हाच गंधक हळूहळू खात असतो.

यावर उपाय अजिबात नव्हता असं नाही. मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, कॉस्टिक सोड्यात विरघळवायचा आणि त्या द्रावणात तेल घुसळायचं. याला आजही ‘डॉक्टर’ पद्धत म्हणतात. पण या डॉक्टरचं औषध म्हणजे रोग्याला अत्तर लावण्यासारखं. वास मारणारी मरकॅप्टन नावाची संयुगं दुसऱ्या, कमी वासाच्या संयुगांत बदलतात, एवढंच. गंधक तेलातच राहतो. नाक फसतं, दिवा फसत नाही.

१८८५ च्या सुमारास फ्राश ओंटारिओतल्या लंडन शहरात होता (होय, कॅनडातही एक लंडन आहे). तिथे एम्प्रेस नावाची एक तेल कंपनी त्याने हातात घेतली आणि या स्कंक तेलाच्या मागे लागला. इथे मला त्याची हिंमत जास्त वाटते. नुसता सल्लागार म्हणून फी घेऊन मोकळं होता आलं असतं. त्याने स्वतःचा पैसा घातला. पद्धत फसली तर कंपनीही गेली.

त्याचा विचार सरळ होता. वास लपवायचा नाही, गंधकच बाहेर ओढायचा. त्यासाठी असं काहीतरी हवं ज्याचं गंधकाशी तेलापेक्षा जास्त सख्य आहे. तुमच्या घरातले चांदीचे पैंजण ठेवून ठेवून काळे पडतात ना? हवेतली गंधकाची संयुगं चांदीला चिकटतात म्हणून ते होतं. तांब्याचंही तसंच आहे, गंधक दिसला की ते त्याला सोडत नाही. फ्राशने वेगवेगळ्या धातूंचे ऑक्साइड वापरून पाहिले आणि शेवटी तांब्याच्या ऑक्साइडवर येऊन थांबला. तेलाबरोबर या ऑक्साइडची काळी पूड घालून भांड्यात ढवळत ढवळत ते ऊर्ध्वपातित करायचं, म्हणजे वाफ करून परत थंड करायचं. गंधक तांब्याबरोबर राहतो, कॉपर सल्फाइड होऊन खाली बसतो. वर येतं ते स्वच्छ रॉकेल.

पण प्रयोगशाळेत हे जमणं आणि हजारो बॅरलला जमणं यात फरक आहे. तांबं महाग. दर वेळी नवा ऑक्साइड घालायचा म्हटलं तर रॉकेल सोन्याच्या भावात विकावं लागेल. फ्राशची खरी हुशारी यात होती की त्याने तांबं परत मिळवलं. खाली बसलेला गाळ गोळा करायचा आणि भट्टीत हवेवर भाजायचा. गंधक जळून वायू होऊन निघून जातो, मागे पुन्हा तांब्याचा ऑक्साइड उरतो. तोच परत भांड्यात. तेच तांबं पुन्हा पुन्हा.

गंधक वायू होऊन निघून जातो, हे वाक्य मी लिहिताना थांबले. निघून जातो म्हणजे कुठे? दिव्याजवळ बसलेल्या माणसाच्या घशातून तो उठला आणि रिफायनरीच्या धुराड्यातून निघाला. १८८० च्या दशकात हा प्रश्न धंद्यात फारसा कुणी विचारत नव्हतं. रॉकेल विकलं जातंय ना, मग झालं.

लायमाचं कोडं

इकडे १८८५ मध्येच अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लायमा नावाच्या गावी एक घटना घडली. बेंजामिन फॉरोट नावाचा उद्योजक आपल्या पुठ्ठ्याच्या कारखान्यासाठी नैसर्गिक वायू मिळतो का म्हणून खोदत होता. वायूऐवजी तेल लागलं. बघता बघता लायमापासून शेजारच्या इंडियाना राज्यापर्यंत पसरलेलं प्रचंड तेलक्षेत्र हाती आलं. पेनसिल्व्हेनियाच्या विहिरी एक दिवस आटणार ही भीती स्टँडर्ड ऑइलला होतीच, म्हणजे हे तेल देवासारखं धावून आलं म्हणायचं. फक्त एक अडचण. ते आंबट होतं.

लायमाच्या तेलाचा भाव इतका पडला की बॅरलला पंधरा सेंटच्या आसपास मिळायला लागले. दिव्यासाठी कुणी घेईना. बॉयलरखाली जाळायला, इंजिनांना इंधन म्हणून ते खपवायची धडपड चालू होती. अशा वेळी जॉन रॉकफेलरने काय करावं? त्याने हे नको असलेलं तेल विकत घ्यायचा सपाटा लावला. टाक्यांमागून टाक्या भरल्या, कोट्यवधी बॅरल साठवलं. संचालक मंडळातले जुने लोक हादरले. रॉकफेलरच्या चरित्रांत हा प्रसंग येतोच: मंडळ तयार होईना तेव्हा त्याने स्वतःच्या खिशातून तीस लाख डॉलर घालायची तयारी दाखवली.

हा जुगार ज्याच्या जिवावर होता त्याला स्टँडर्डने १८८६ मध्ये कॅनडातून परत आणलं. फ्राशची कंपनी आणि पद्धत दोन्ही घेतली, आणि त्याला मोबदल्यात कंपनीचे शेअर्सही दिले. आता त्याचं काम एकच, लायमाचं तेल साफ करून दाखवणं. कॅनडाचं जसंच्या तसं इथे चालेलच असं नव्हतं, प्रत्येक तेलातली गंधकाची संयुगं वेगळी असतात. पुन्हा प्रयोग, पुन्हा भांडी बदलणं, पुन्हा भट्ट्या. कंपनीत त्याला ‘वाइल्ड डचमन’ म्हणत. अमेरिकेत जर्मन माणसाला सर्रास डच म्हणायचे, आणि वाइल्ड हे विशेषण त्याने आपल्या स्वभावाने कमावलं होतं. बुटका, तापट, स्वतःच्या हुशारीबद्दल तिळमात्र शंका नसलेला. असे लोक ऑफिसात सोबत असणं सोपं नसतं, पण त्यांना काढूनही टाकता येत नाही.

१८८७ च्या आसपास पद्धत पक्की झाली, १८८८ मध्ये पेटंट मिळालं. मग स्टँडर्डने शिकागोजवळ, मिशिगन सरोवराच्या काठी व्हाइटिंग इथे मोठी रिफायनरी उभारली, खास या आंबट तेलासाठी. १८९० मध्ये ती सुरू झाली. आजही ती चालू आहे, आता बीपीच्या नावाने. लायमाच्या तेलाचा भाव चढला आणि ज्या शेअर्समध्ये फ्राशला मोबदला मिळाला होता ते शेअर्सही. नोकरीतून श्रीमंत झालेल्या पहिल्या केमिस्ट मंडळींत त्याचं नाव घ्यावं लागेल.

यशोगाथा म्हणून इथे टाळ्या वाजवून थांबता येईल. पण भाव पडलेले असताना लायमाच्या ज्या छोट्या विहीरवाल्यांनी पंधरा सेंटला तेल विकलं त्यांचाही विचार करायला हवा. तेल साफ करायची किल्ली एकाच कंपनीकडे, पेटंटही तिच्याचकडे, आणि १८८९ पासून ती विहिरी असलेल्या कंपन्याच विकत घ्यायला लागली. अमेरिकेतलं जवळपास सगळं तेल शुद्धीकरण तेव्हा या एका कंपनीच्या मुठीत होतं. पुढे १९११ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिचे तुकडे केले ते उगाच नाही. फ्राशला या राजकारणाशी घेणंदेणं असल्याचं दिसत नाही. त्याला कोडी सोडवायची होती आणि कोड्याचे पैसे हवे होते. ते त्याला मिळाले.

गंधकाच्या ढिगावर बसलेला माणूस

चाळिशीच्या आत इतकं मिळवल्यावर कुणीही जरा निवांत झालं असतं. हा गडी गंधकाच्या उलट्या बाजूला वळला.

लुइझियाना राज्यात कॅल्कॅशू भागात तेल शोधताना १८६० च्या दशकात जमिनीखाली शुद्ध गंधकाचा जाड थर सापडला होता. गंधक म्हणजे नुसती बंदुकीची दारू नाही. त्यापासून सल्फ्युरिक आम्ल होतं, आणि खतं, रंग, कागद, धातू असं काहीही बनवायचं तर आम्ल लागतंच. अमेरिका हा गंधक सिसिलीहून आणत होती, आणि इथे तो स्वतःच्या पायाखाली होता. पण वर वाहती ओली वाळू. खाण खणायला गेलं की वाळू आत घुसायची. वाळू थोपवली तर खालून हायड्रोजन सल्फाइड वायू यायचा, तोच सडक्या अंड्याचा, जास्त प्रमाणात जीवघेणा. एकामागून एक कंपन्या बुडाल्या, माणसंही मेली.

फ्राशने ठरवलं की माणसाला खाली पाठवायचंच नाही. गंधक साधारण ११५ अंश सेल्सिअसला वितळतो. पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, पण दाबाखाली ठेवलं तर १६०-१७० अंशांपर्यंत तापवता येतं, आपल्या प्रेशर कुकरचंच तत्त्व. तेलाच्या विहिरीसारखं भोक पाडायचं, एकात एक नळ्या घालायच्या, बाहेरच्या नळीतून हे अतितप्त पाणी खाली सोडायचं, गंधक जागच्या जागी वितळवायचा आणि आतल्या नळीतून वर खेचायचा. पुढे त्यात तिसरी नळी आली, तिच्यातून दाबलेली हवा सोडली की वितळलेला गंधक फेसाळून हलका होतो आणि आपोआप वर येतो.

ऐकणाऱ्यांनी वेड्यात काढलं. एका नामांकित गृहस्थाने तर सांगून टाकलं की तू जेवढा गंधक वर काढशील तेवढा सगळा मी खाऊन दाखवतो. फ्राशने ही गोष्ट नंतर स्वतःच मजेने सांगितली आहे. त्या गृहस्थाने शब्द पाळला असता तर काय झालं असतं कोण जाणे.

१८९४ चा डिसेंबर, नाताळच्या तोंडावर, म्हणजे फ्राशच्या त्रेचाळिसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर. चोवीस तास गरम पाणी खाली सोडून झालं होतं. पंप सुरू केला. काही वेळाने नळातून सोनेरी रंगाचा द्रव बाहेर पडू लागला. चाळीस पिंपं आणून ठेवली होती, ती पाव तासात भरली. गंधक काही थांबेना! मग धावाधाव. माती ओढून बांध घातले, फळ्या लावल्या आणि जमिनीवरच तळं केलं. सगळे निघून गेल्यावर फ्राश एकटा त्या थिजत चाललेल्या गंधकाच्या ढिगावर चढून बसला. गार होताना गंधक आकसतो आणि बारीक तडतडतो. तो आवाज ऐकत बसायला त्याला आवडलं, असं त्याने अनेक वर्षांनी सांगितलं. इतका तापट माणूस, आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद त्याने एकट्याने, काहीही न बोलता साजरा केला.

पैसा मात्र लगेच आला नाही. एवढं पाणी तापवायचं तर कोळसा लागणार आणि लुइझियानात कोळसा महाग. १८९६ मध्ये युनियन सल्फर कंपनी निघाली, पण हिशोब बसायला अजून काही वर्षं गेली. तो बसला एका योगायोगाने. जानेवारी १९०१ मध्ये शेजारच्या टेक्सासात, बोमाँटजवळ स्पिंडलटॉपच्या टेकाडावर तेलाचं कारंजं उडालं. तेल इतकं स्वस्त झालं की त्यावर पाणी तापवणं परवडू लागलं. तेलातून गंधक काढणाऱ्याला आता तेलाच्या मदतीनेच जमिनीतून गंधक काढता येऊ लागला. जिथे हे झालं त्या गावाचं नावच सल्फर आहे, नकाशात आजही सापडेल.

सिसिलीतली पोरं

आता जरा भूमध्य समुद्रात जाऊ. फ्राशच्या आधी जगाला लागणारा बहुतेक गंधक सिसिली बेटावरून यायचा. तिथल्या खाणींत ‘कारूसो’ म्हणवली जाणारी पोरं काम करायची. सात-आठ वर्षांपासूनची. खाणीच्या तळापासून पाठीवर दगड वाहून उंच पायऱ्या चढायच्या, दिवसभर, उकाड्यात, बहुतेक वेळा उघड्या अंगाने. घरच्यांना आगाऊ रक्कम मिळायची आणि ती फिटेपर्यंत पोर खाणकामगाराकडे बांधलेलं. आपल्याकडच्या वेठबिगारीची आठवण यावी असाच प्रकार. गुलामीत जन्मलेले अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन १९१० मध्ये तिथे गेले होते. त्यांनी जे लिहिलं त्यावरून दिसतं की गुलामी पाहिलेला माणूसही तिथे हादरला.

फ्राशचा ९९ टक्क्यांहून शुद्ध, माणूस खाली न उतरवता काढलेला गंधक बाजारात आला आणि सिसिलीचा धंदा कोलमडला. अमेरिकेतलं गिऱ्हाईक तर गेलंच, युरोपातलंही जायला लागलं. १९०६ मध्ये इटलीच्या सरकारला कायदा करून तिथल्या उत्पादकांचा सक्तीचा संघ बनवावा लागला. १९०८ मध्ये या संघाने आणि फ्राशच्या कंपनीने बाजार वाटून घेण्याचा करार केला.

मग ते वाईट झालं की चांगलं? पोरांच्या पाठीवरचं ओझं अमेरिकेतल्या एका नळीने निकामी ठरवलं, हे खरं. त्या पोरांना त्या बदल्यात शाळा मिळाली नाही, हेही खरं. खाणी बंद पडल्या तेव्हा हजारो घरांची चूल विझली आणि सिसिलीचे लोक अमेरिकेच्या बोटी पकडू लागले होते त्यांत आणखी भर पडली. फ्राशला दोष देता येत नाही, पण त्याच्या चरित्रातून हे पान वगळताही येत नाही.

१९१२ मध्ये त्याला औद्योगिक रसायनशास्त्रातलं मानाचं पर्किन पदक मिळालं. ढिगावर बसल्याची, गंधक खाणाऱ्या गृहस्थाची गोष्ट त्याने तेव्हाच्याच भाषणात सांगितली. साठाहून जास्त पेटंटं त्याच्या नावावर होती. १ मे १९१४ रोजी पॅरिसमध्ये तो गेला. तीन महिन्यांत पहिलं महायुद्ध पेटलं आणि स्फोटकांसाठी लागणाऱ्या आम्लापायी गंधकाची मागणी एकदम वाढली.

दोन फ्राशांची टक्कर

तांब्याच्या ऑक्साइडची पद्धत आज कुणी त्या रूपात वापरत नाही. आता तेल ३००-४०० अंशांना तापवून, दाबाखाली, हायड्रोजनबरोबर कोबाल्ट आणि मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून सोडतात. गंधक हायड्रोजनशी जोडला जातो आणि हायड्रोजन सल्फाइड होऊन वेगळा निघतो. दुसऱ्या महायुद्धानंतर रिफायनऱ्यांत हायड्रोजन स्वस्तात मिळू लागला तेव्हा ही पद्धत पसरली. मूळ कल्पना मात्र फ्राशचीच म्हणावी लागेल: तेलाला सोडून गंधक ज्याच्याकडे जाईल असा जोडीदार त्याला द्यायचा.

कारणं बदलली. तेव्हा गंधक काढायचा तो दिवा विकला जावा म्हणून. आता काढायचा तो आम्लवर्षा होते, फुप्फुसांना त्रास होतो म्हणून, आणि गाडीच्या सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारा उत्प्रेरक गंधकामुळे निकामी होतो म्हणून. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आलं. त्यात एक किलोमागे जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम गंधक चालतो. त्याआधी बीएस-४ मध्ये हा आकडा ५० होता, आणि बीएस-३ च्या डिझेलमध्ये ३५०. मधली पाचवी पायरी आपण गाळलीच. यासाठी देशभरातल्या रिफायनऱ्यांना गंधक काढणारी नवी युनिट्स घालावी लागली, मुंबईत माहुलला असलेल्या दोन्ही रिफायनऱ्यांनाही. त्यातली हिंदुस्थान पेट्रोलियमची जी आहे ती १९५४ मध्ये सुरू केली होती स्टँडर्ड-व्हॅक्यूम कंपनीने. म्हणजे रॉकफेलरच्या त्याच स्टँडर्ड ऑइलच्या वारसदारांनी, ज्यांनी एकेकाळी ‘वाइल्ड डचमन’ला कामावर ठेवलं होतं.

आणि काढलेला गंधक आता धुराड्यातून सोडून देता येत नाही. हायड्रोजन सल्फाइडपासून क्लाउस पद्धतीने घन, पिवळाधमक गंधक बनवतात आणि विकतात. क्लाउसने ही पद्धत १८८३ मध्येच काढली होती, फ्राश कॅनडाला जायच्याही आधी. तेल आणि वायू जितके जास्त स्वच्छ करायचे तितका हा गंधक जास्त. विकला नाही तरी तो काढावाच लागतो, मग भाव काहीही असो. बाजारात इतका स्वस्त गंधक येऊ लागल्यावर जमिनीत गरम पाणी सोडून तो वितळवत बसणं कुणाला परवडणार? पोलंडमध्ये ओसियेकला एक खाण त्या पद्धतीने तग धरून राहिली. अमेरिकेतली शेवटची फ्राश खाण मेक्सिकोच्या आखातात होती, मेन पास नावाची. ती २००० साली बंद झाली.